इमारतीची किल्ली इमारतीतच

मुदखेड जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग निजामाबादकडे जातो, तर दुसरा आदिलाबादकडे. सांधे आणि सिग्नल एकमेकांशी कुलूपबंद ठेवणारी यंत्रणा स्थानकातच असते. दूरच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला, तरी ती यंत्रणा एका रुळावर दोन गाड्या सोडू देत नाही. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि मंगल कार्यालये यांच्या स्वयंचलनालाही हाच नियम लावायला हवा.

स्वयंचलन आपल्याला अगदीच नवे नाही. मोबाईलवरून विहिरीची मोटर चालू-बंद करणारे यंत्र शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या अशाच यंत्राला २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. इमारतीत मात्र मोटरीबरोबरच टाकी, दिवे, पंखे, जनरेटर, विजेचे मीटर अशा अनेक गोष्टी असतात. या सर्वांची खबर घेऊन ठरल्याप्रमाणे हुकूम देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात.

हा सर्व्हर ठेवायचा कुठे? बाजारातील पुष्कळ उपकरणे परदेशातील कंपनीच्या संगणकाला विचारून चालतात. त्यात इंटरनेट गेले की अडचण होते आणि कंपनीने सेवा बंद केली की उपकरण निकामी होते. अमेरिकेत २०१६ मध्ये ‘रिव्हॉल्व्ह’ या यंत्राचे असेच झाले. कंपनीने सेवा थांबवली आणि सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेली यंत्रे लोकांच्या घरात नुसती पडून राहिली. म्हणून सर्व्हर आपल्याच इमारतीत असावा.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लिनक्स ही १९९१ पासून वाढत आलेली, मोफत मिळणारी प्रणाली आहे. त्यावर चालणारे ‘ओपनहॅब’ हे सॉफ्टवेअर जर्मनीच्या काय क्रॉयझर यांनी २०१० मध्ये सुरू केले. तेही मोफत आहे. कारखान्यांतील यंत्रांची १९७९ पासूनची मॉडबस ही भाषा त्याला समजते. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एका छताखाली नांदू शकतात.

आता मांडणीचा क्रम पाहू. ६४ बिटांचा, ४ जीबी मेमरीचा जुना संगणक एका लहान इमारतीला पुरतो. पेनड्राइव्हवरून त्यावर डेबियन लिनक्स बसवावे. राऊटरमध्ये या संगणकाला कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे उपकरणांना तो रोज त्याच जागी सापडेल. नंतर जावा आणि ओपनहॅब बसवून, संगणक सुरू होताच ओपनहॅब आपोआप चालू होईल अशी सोय करावी. त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून ते उघडले की पहिल्यांदा व्यवस्थापकाचे खाते तयार करावे लागते. तेथे पासवर्ड भक्कम ठेवावा. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये.

आपल्याकडची खरी परीक्षा वीज घेते. संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये ‘वीज परत येताच सुरू व्हावे’ असा पर्याय असतो, तो निवडावा. सर्व्हरबरोबर राऊटरलाही यूपीएस द्यावा. वीज आल्याबरोबर मोटर लावण्याची घाई नको. आधी टाकीची पातळी वाचावी, मग निर्णय घ्यावा, असा नियम लिहावा. पातळी सांगणारे उपकरण काही मिनिटे गप्प राहिले, तर मोटर बंद व्हावी. रिलेच्या छोट्या पट्टीवरून मोटरीचा भार कधीही नेऊ नये. मोटर स्टार्टरमधूनच चालावी आणि हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टाकीतला तरंगता स्विच थेट स्टार्टरला जोडलेला असावा. सर्व्हर बंद पडला तरी टाकी भरल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. भिंतीवरचे हाताने चालणारे बटणही काढू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात रात्रभर वाहून गेलेली टाकी ही किरकोळ चूक ठरत नाही. वसतिगृहातील शंभर मुलींची सकाळ त्या टाकीवर अवलंबून असते.

आरंभ लहान असावा. पहिल्या महिन्यात फक्त टाकीची पातळी आणि विजेचा वापर नोंदवावा. हुकूम काही देऊ नये. नोंदी विश्वासार्ह वाटल्या की मोटर जोडावी, मग दिवे. दर आठवड्याला सर्व मांडणीची प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवावी. कोणती तार कुठे जाते, कोणता नियम कशासाठी आहे, हे मराठीत लिहून वहीत नोंदवावे. बसवणारा तरुण उद्या नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला गेला, तर पुढच्याला ती वही वाचून काम सांभाळता यावे.