ओंजळीतला हिरवा उजेड

रोटोटुनातल्या एका दुमजली इमारतीच्या जिन्यात भाचीने मला खाली बसवलं. "मामा, पायरीच्या कडेवर ओंजळ उपडी ठेव. आता अंगठ्यांच्या फटीतून आत बघ." भर दुपार, जिन्यात लख्ख दिवे. पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीची फिकट पिवळसर पट्टी होती. जुनं प्लास्टिक पिवळं पडावं तशी, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. मी डोळा लावला. क्षणभर काहीच दिसेना आणि मग ओंजळीत पोपटी उजेड उमटला, काजवा पकडल्यासारखा.

"रेडियम!" मी म्हणालो.

"रेडियम नाही रे," भाची हसली. तिच्या शाळेत इमारत रिकामी करण्याचा सराव होतो, तिथे तिला हे कळलं होतं.

रोटोटुना हे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहराच्या उत्तर टोकाचं उपनगर. माओरी भाषेत रोटो म्हणजे तळं आणि टुना म्हणजे वाम मासा. एकेकाळची दलदल, मग गाईंची कुरणं आणि आता शाळा, दुकानं, एकसारखी घरं. तासाभराच्या अंतरावर वाइटोमोच्या गुहा आहेत, तिथे छताला चिकटलेल्या अळ्या काजव्यांसारख्या चमकतात. पण अळी आपला उजेड स्वतः तयार करते. जिन्यातली पट्टी मात्र उधारीवर जगते.

आपण मराठी माणसांनी चमकणाऱ्या सगळ्याच वस्तूंना 'रेडियम' म्हणून टाकलंय. आजोबांच्या घड्याळाचे काटे, देव्हाऱ्यातली हिरवट प्लास्टिकची मूर्ती, रिक्षाच्या पाठीवरचं 'आईचा आशीर्वाद', सगळं रेडियम. खरं रेडियम जुन्या घड्याळांत असायचं. त्याचा किरणोत्सर्ग जस्ताच्या सल्फाइडला अखंड चमकवत ठेवी. अमेरिकेतल्या कारखान्यांत त्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायच्या. 1920च्या दशकात त्यांतल्या कित्येक जणी जबड्याची हाडं झिजून गेल्या. रिक्षावरचं रेडियम निराळं. ते आपल्यावर पडलेला उजेड आल्या वाटेने परत धाडतं. हेडलाइट गेला की तेही गेलं.

जिन्यातल्या पट्टीतला पदार्थ तिसराच, स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट. त्यात चिमूटभर युरोपियम आणि डिस्प्रोशियम. जपानच्या नेमोतो कंपनीने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही मिसळ शोधली. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उसळून वर जातात आणि स्फटिकातल्या खळग्यांत अडकून बसतात. दिवे गेल्यावर खोलीतली साधी ऊब त्यांना एकेक करून सोडवते आणि सुटताना हिरवा प्रकाश पडतो. रांजण पाझरावा तसा हा पाझर. सुरुवातीला जोरात, मग हळूहळू कमी, पण तासन् तास. जुनं जस्ताचं सल्फाइड फार लवकर मिणमिणायला लागायचं. हिरवा रंग निव्वळ हौसेचा नाही. अंधाराला सरावलेला डोळा 507 नॅनोमीटरच्या आसपासचा रंग सर्वांत सहज टिपतो आणि ही पट्टी साधारण 520 वर चमकते.

आता ती पायाशी का? घरात फोडणी करपली की धूर कुठे जातो ते आठवा. छताखाली साचलेला धूर वरचा दिवा आधी गिळतो, जमिनीलगत तो बराच वेळ विरळ असतो. 2 जून 1983 रोजी एअर कॅनडाचं पेटलेलं विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरलं, तरी आतल्या काळ्या धुरात 23 जण दगावले. त्यानंतर अमेरिकेने विमानांत जमिनीलगत मार्गदर्शक दिवे सक्तीचे केले. 1990 मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार जहाजावरच्या आगीत दीडशेहून जास्त माणसं गेली, मग प्रवासी जहाजांवरही खालच्या उजेडाचा विचार झाला.

सर्वांत बोलकी गोष्ट न्यूयॉर्कची. 1993च्या बॉम्बस्फोटात वर्ल्ड ट्रेड सेंटरची वीज गेली आणि हजारो माणसं मिट्ट काळोखात जिने उतरली. त्यानंतर तिथल्या जिन्यांत हा चमकता रंग फासला गेला. 2001 मध्ये त्याच जिन्यांनी उतरून वाचलेल्यांच्या आठवणींत तो रंग पुन्हा येतो. 2004 साली न्यूयॉर्कने कायदाच केला आणि उंच कार्यालयीन इमारतींच्या जिन्यांत अशा खुणा सक्तीच्या झाल्या.

न्यूझीलंडच्या इमारत संहितेतलं एफ-6 हे कलम मला त्याच्या नावासाठी आवडलं. नाव आहे 'सुटकेच्या मार्गावरची दृश्यमानता'. दिवा लावला की काम संपलं असं ते नाव म्हणत नाही, उतरणाऱ्याला दिसलं पाहिजे असं म्हणतं. सार्वजनिक इमारतींना तिथे गाडीसारखं दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते लोकांना दिसेल असं लावावं लागतं. आपल्याकडेही महाराष्ट्रात 2006चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी बघितलंत?

29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले. त्यातले बरेचसे स्वच्छतागृहाकडे धावले होते आणि तिथेच गुदमरले. पट्टीने ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण धुरात माणूस ओळखीच्या दाराकडे पळतो आणि बाहेरचं दार कुठलं हे त्याला कुणीतरी पायाशी सांगावं लागतं.

एक खोच आहे. ही पट्टी आधी उजेड खाते, मगच देते. अमेरिकी संहिता सांगते की इमारत वापरात येण्याआधी तासभर तरी पट्टीवर किमान 11 लक्स उजेड हवा. आणि आपण? वीजबिल वाचवायला जिन्यात सेन्सरचे दिवे लावतो. माणूस आला की लागतात, गेला की विझतात. म्हणजे पट्टी रात्रभर उपाशी.

परत आल्यावर ठाण्यात आमच्या जिन्यातल्या नव्याकोऱ्या पट्ट्यांवर मी ओंजळ धरली. कमिटीने मोठ्या कौतुकाने त्या लावल्या होत्या. दोन मजले उतरलो, चपलांचे रॅक आणि एक सायकल ओलांडून. शेजारच्या काकू दार किलकिलं करून बघत होत्या. ओंजळीत काळोखच. मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा मात्र पट्टी झकास चमकली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या रेडियमवाल्याकडे गेलो. अंधारात आपसूक चमकणारं आहे का विचारलं. "ते वेगळं, मागवावं लागेल," तो म्हणाला. मग कात्री खाली ठेवून बाहेर डोकावला. "गाडी कुठली आहे?"