पोकर : पैनगंगेहून मांडवीकडे

मित्रमंडळीत पोकरचे चार डाव जिंकल्याने धीर चढलेल्या उमरखेडच्या ज्या तरुणास प्रथमच एकट्याने कॅसिनोची पायरी चढावीशी वाटते, त्यास पैनगंगेचा मुलूख सोडून बहुधा गोव्याची मांडवीच गाठावी लागते. कारण महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयक कायदा संमत केला खरा, परंतु त्याचा अंमल कधीच जारी न करता २०२३ साली तो रद्दबातल ठरविला. गोव्यात जुगारविषयक कायद्याच्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांस, तर १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरील जहाजांतल्या खेळाच्या मेजांस परवानगी मिळाली. तेथील कॅसिनोत प्रवेशास वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. पोकरमध्ये झुंज खेळाडूखेळाडूंतच होते; कॅसिनोचा मालक मात्र, कोणीही जिंको, डावातून आपली नाल बिनधोक काढून घेतो.