मुखतेलाची किंमत

तंजावरात तिळाच्या तेलाला ‘नल्लेण्णै’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘चांगले तेल’ एवढाच. दिवाळीच्या पहाटे हे तेल अंगाला चोळून स्नान करण्याची तमिळ रीत आणि मराठी घरांतील नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान यांत फारसे अंतर नाही. व्यंकोजीराजांच्या मागून कावेरीकाठी येऊन राहिलेल्या मराठी कुळांना या बाबतीत तरी परकेपणा जाणवला नसावा. आता याच तिळतेलात केशर घालून, 30 मिलिलिटरच्या नक्षीदार बाटलीत भरून, राजघराण्यातील गुप्त मुखतेल म्हणून ते हजारो रुपयांना विकले जाते. महिन्याच्या किराण्याला कात्री लावून अशी बाटली घरी आणणारी कुटुंबेही आहेत. तेव्हा त्या पैशांत नेमके काय मिळते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

राजवाड्याचा हवाला देणाऱ्यांनी तंजावरच्या राजवाड्यात काय चालत असे, तेही पाहावे. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल या नावाची संस्था चालविली होती. तेथे देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचीही पारख होत असे, आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यांत ग्रथित झाले. नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. औषधाची किंमत रोग्यास आलेल्या गुणावरून ठरवावी, ही ती दृष्टी होती.

सध्याच्या बहुतेक महागड्या देशी मुखतेलांचे मूळ कुंकुमादि तेलात आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील उत्तरस्थानात ते सापडते. केशर, चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, लाख, कमळाचे केसर अशी द्रव्ये तिळतेलात शेळीच्या दुधासह शिजवावयाची. यांत खरोखर महाग ती केशर आणि चंदन. एक ग्रॅम वाळल्या केशरासाठी सुमारे दीडशे फुले लागतात. परंतु केशराला ज्यामुळे रंग येतो ते क्रोसिन पाण्यात विरघळते, तेलात नव्हे. म्हणून तेलात केशराच्या चार काड्या तरंगताना दिसल्या, म्हणजे त्यांचा गुण तेलात उतरला असे मुळीच नाही. तेल भडक तांबूस असेल तर तो रंग मंजिष्ठेचा, किंवा सरळ बाहेरून घातलेला, असण्याचा संभव अधिक. हाच न्याय क जीवनसत्त्वालाही लागू पडतो. त्याचे मूळ रूप तेलात विरघळत नाही.

सौंदर्यप्रसाधनांच्या भारतीय नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने छापले तरी चालतात. तीस मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे 28 ग्रॅम. त्याचा एक टक्का म्हणजे 0.28 ग्रॅम. यादीच्या शेपटाकडे केशर, गुलाब, मोती अशी नावे मिरवत असतील, तर त्यांतील प्रत्येक याहून कमी असू शकते. पहिले नाव तिळतेलाचे असेल आणि ते लिटरला चारशे रुपयांचे धरले, तर बाटलीतील तेल फार तर बारा रुपयांचे झाले! गंमत अशी की, 60 मिलिलिटरहून लहान बाटलीला या यादीतून सूट आहे, आणि मुखतेलाची बाटली बहुधा तेवढीच लहान असते. सक्ती नसताना ज्याने यादी छापली, त्याच्याकडे ग्राहकाने आधी वळावे. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असलेल्या तेलावर घटकांची प्रमाणे किंवा मूळ ग्रंथाचा आधार दिलेला असतो. तपासणीला ते अधिक सोयीचे.

तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाकण घालते. त्यामुळे ते किंचित ओल्या चेहऱ्यावर लावणे बरे. हे काम स्वस्त तेलही करते. तेलांत भेद आहे तो मेदाम्लांचा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे झाल्याचे आढळले, सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकले. पहिल्यात ओलेइक आम्ल भरपूर, दुसऱ्यात लिनोलेइक. तिळात ही दोन्ही जवळजवळ सारखी असतात. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात त्यांनी खोबरेल टाळावे, ते कितीही शुद्ध असो.

अधिक पैसे मोजावेत असेही काही आहे. जंगली गुलाबाच्या बियांचे तेल लवकर खवट होते. ते ताजे आणि गडद काचेत मिळावे यासाठी खर्च येतो. ऑलिव्ह किंवा उसापासून केलेले स्क्वालेन टिकाऊ आणि हलके असते, परंतु तेही आता दुर्मिळ राहिलेले नाही. सुगंधासाठी मात्र जादा दाम देण्यापूर्वी विचार करावा, कारण चेहऱ्यावर पुरळ उठण्यास पुष्कळदा तोच कारण असतो. नवे तेल कोपराच्या आतल्या बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहावे. तंजावरच्या घाण्यावरील तेल घ्यावयाचे तर घाणेकऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा. तेल सुटावे म्हणून तेथे तिळांबरोबर ताडगूळ घालण्याची चाल आहे. स्वयंपाकास ते उत्तम, पण चेहऱ्यासाठी गुळाविना काढलेले मागून घ्यावे.