थांबवता येईल तोच खेळ

वय वाढलं की व्हिडिओ गेमची आवड आपोआप सुटते, असं सर्रास म्हटलं जातं. जळगाव-धुळ्याकडच्या तिशी-पस्तिशीतल्या माणसांचे फोन पाहिले तर ते पटत नाही. आवड शाबूत असते, हातून गेलेला असतो तो सलग वेळ. म्हणून मोठा माणूस खेळ सोपा की अवघड हे फारसं बघत नाही. तो मध्येच सोडून उठता येईल का, एवढंच बघतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीपंपाला जिथे अजून रात्रपाळीची वीज मिळते, तिथे हे अगदी जवळून दिसतं. मोटर सुरू झाली की बांधावर जागं राहायचं, ठिबकच्या एका व्हॉल्व्हचं पाणी पुरेसं झालं की दुसरा उघडायचा. मधल्या वेळात फोन हातात येतो. पण बीजीएमआय या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात मोठ्या सामन्याला शंभर जण उतरतात, शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास जातो आणि तो कुणासाठी थांबत नाही. व्हॉल्व्हसाठी उठलं किंवा घरून फोन आला की पडद्यावरचा गडी जागीच उभा राहून गोळी खातो आणि स्क्वॉडमधले तिघे कानात ओरडतात. असं दोन-चारदा झालं की आपणच मागे सरतो. मग दहा मिनिटांत संपणारी टीम डेथमॅच येते, पुढे कॉम्प्युटरशी खेळायचं क्रिकेट, आणि शेवटी लुडो.

यावर कुणी म्हणेल, हा वेळेचा प्रश्न नाही, वयाबरोबर हात मंदावतो. हात मंदावतो हे खरंच. पण त्याने माणूस का हरतो हे कळतं, अर्ध्यावर का उठतो हे कळत नाही. बुद्धिबळाला चपळ बोटं लागत नाहीत, तरी मोठे झालेले लोक तिथेही तासाभराचा डाव टाळून पाच मिनिटांचा मांडतात. उलट बाजूही बघा. नव्वदीतल्या कॅसेटवरच्या ‘कॉन्ट्रा’त खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलं ती करत, कारण सुट्टीतली दुपार त्यांच्या मालकीची होती. कमावत्या माणसाची दुपार मालकाची, गिऱ्हाईकाची आणि घरच्यांची असते. घर सांभाळणाऱ्या बाईकडे तर कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलाच वेळ उरतो.

मग छोटा खेळ म्हणजे निर्धोक खेळ, असं मानायचं का? तसंही नाही. मोठ्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो, हे कंपन्यांनी आपल्याआधी ओळखलं. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव मिळतात. ते संपले की एकेका जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. ज्याच्याकडे वेळ कमी, त्यालाच थांबायला लावायचं आणि त्याचा उतावीळपणा विकायचा, असा हा हिशेब आहे. पैसे लावून खेळायची रमी याच्याही पुढे गेली. डाव मिनिटांत संपतो, पण हरलेली रक्कम परत मिळवायची ओढ संपत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो योग्यच आहे. पण तुकडा-तुकडा वेळ खाणारे बाकीचे खेळ फोनमध्ये आहेतच, आणि त्यांना आवर कायद्याने बसणार नाही.

आता उरतो सगळ्यात जुना आक्षेप: मोठ्या माणसाने खेळावंच कशाला? खानदेशाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून आलेल्या लेकीबाळी निंबाच्या झोक्यावर बसतात, आणि बाप्ये पत्त्यांचे डाव मांडतात. त्या डावांत पैसे लागतात, काही घरांनी त्याची झळ सोसली आहे, हे झाकायचं कारण नाही. तरीही त्या सणात एक समज आहे: मोठ्यांनाही खेळ लागतो, आणि त्याला ठरलेला दिवस हवा, सोबत हवी, शेवट हवा. फोनमधल्या खेळाला यातलं काहीच आपोआप मिळत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं. घरच्या चौघांनी एकाच फोनवर मांडलेला लुडो पोळी उलटायला गेलेल्या आईसाठी थांबतो, लहानग्याला झोपवून आलेल्या बापासाठीही थांबतो, आणि सोंगट्या घरात गेल्या की संपतो. मोठेपणी खेळ जरूर खेळा, त्याची लाज बाळगू नका. फक्त फोनवर नवा खेळ घेताना आधी दोन गोष्टी तपासा: हाक आली तर तो थांबतो का, आणि तो कधी तरी संपतो का. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो खेळ त्याच दिवशी काढून टाका.