रिंगणाबाहेरची कुस्ती (भाग ५) : बाबाचे की इनोकीचे?

मागच्या भागात आपण 1990 नंतरच्या अमेरिकेत होतो. सोमवारी रात्री दोन वाहिन्यांवर दोन कुस्ती कंपन्या एकमेकींचे प्रेक्षक पळवत होत्या. मार्च 2001 मध्ये त्यांतली एक, डब्ल्यूसीडब्ल्यू, विकली गेली. प्रतिस्पर्धी संपला की त्याचे प्रेक्षक आपले, असा जिंकणाऱ्यांचा हिशेब होता आणि तो चुकला. हरलेल्या कंपनीच्या पुष्कळ चाहत्यांनी कुस्ती बघणंच सोडून दिलं. एवढं घट्ट धरून ठेवणारं त्या कंपनीत काय होतं, हा प्रश्न तिथे अर्धवट राहिला होता. त्याचं उत्तर जपानमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून आज जपान.

कोल्हापुरात गंगावेस तालमीचा माणूस आणि शाहूपुरी तालमीचा माणूस यांच्यात ईर्षा असते, ती समजण्यासारखी आहे. पैलवान आपल्या तालमीचा, कुस्ती खरी आणि निकाल मैदानात लागणार. व्यावसायिक कुस्तीत मात्र कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं आणि बहुतेक प्रेक्षकांना ते ठाऊकही असतं. तरी माणसं आपल्या कंपनीसाठी भांडतात, तिकिटासाठी रांगा लावतात, प्रसंगी रडतात. मला वाटतं, प्रत्येक मोठी कंपनी आपल्या प्रेक्षकाला एक वचन देत असते. कुस्ती म्हणजे काय, कशाला जिंकणं म्हणायचं आणि कशाला नाही, याचं ते वचन असतं. स्टार मल्ल त्या वचनाला जामीन राहतो. चाहत्याचं प्रेम कंपनीवर की स्टारवर, असं विचारून फारसं हाती लागत नाही. ते वचन सध्या कुणापाशी आहे, हे पाहावं लागतं.

जपानी व्यावसायिक कुस्तीचा बाप रिकिदोझान. जन्म कोरियातला, आधी सुमो मल्ल. 1954 मध्ये त्याच्या कॅनेडियन शार्प बंधूंशी लढती झाल्या, तेव्हा चौकांत लावलेल्या टीव्ही संचांसमोर तुफान गर्दी लोटली. युद्धात हरलेल्या देशाला धिप्पाड गोऱ्या मल्लांना आडवं करणारा आपला माणूस हवा होता. 1963 च्या डिसेंबरात एका नाइटक्लबमध्ये त्याच्यावर चाकूहल्ला झाला आणि आठवड्याभरात तो गेला.

त्याचे दोन शिष्य 30 सप्टेंबर 1960 या एकाच दिवशी पहिल्यांदा रिंगणात उतरले होते. एक शोहेई बाबा. हा पूर्वी बेसबॉलमधला गोलंदाज. उंची दोन मीटरच्या वर, म्हणून पुढे नाव पडलं जायंट बाबा. दुसरा अँटोनियो इनोकी, कुटुंबासोबत ब्राझीलला स्थायिक झालेला पोरगा. रिकिदोझानने त्याला तिथून जपानला परत आणलं. गुरूने बाबाला अमेरिकेत पाठवून मोठं केलं आणि इनोकीला हाताखाली राबवून घेतलं. पुढे हे दोघं जोडीने लढले आणि जोडी म्हणून प्रचंड लोकप्रिय झाले. पण 1971 च्या अखेरीस, गुरूची कंपनी ताब्यात घेण्याचा कट केल्याचा ठपका ठेवून इनोकीला काढून टाकण्यात आलं. मार्च 1972 मध्ये त्याने ‘न्यू जपान’चा पहिला कार्यक्रम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबाने ‘ऑल जपान’ उभी केली. गुरूची जुनी कंपनी पुढच्या वर्षी बंद पडली.

बाबाकडे सगळं होतं. निप्पोन टीव्हीचं पाठबळ होतं आणि अमेरिकेतल्या एनडब्ल्यूए या महासंघाशी थेट संबंध होते, त्यामुळे जगज्जेते त्याच्याच रिंगणात येत. 2 डिसेंबर 1974 रोजी त्याने जॅक ब्रिस्कोला हरवून ते जागतिक अजिंक्यपद मिळवलं. असा मान मिळालेला तो पहिला जपानी. परदेशी मल्लांमध्ये त्याच्या शब्दाला किंमत होती, कारण ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळत. बाबाची कुस्ती ऐसपैस, मोठ्या अंगाची आणि भरवशाची.

इनोकीपाशी सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. मग त्याने उणिवेचंच भांडवल केलं. परदेशी जगज्जेते मिळत नव्हते म्हणून त्याने जपानी मल्लाविरुद्ध जपानी मल्ल उभा केला. मार्च 1974 मधली त्याची आणि स्ट्राँग कोबायाशीची कुस्ती अजूनही आठवली जाते. त्याहून पुढे जाऊन त्याने जाहीरच करून टाकलं की व्यावसायिक कुस्ती ही सगळ्या युद्धकलांमध्ये बलवान आहे आणि ते मी सिद्ध करून दाखवीन. 1976 मध्ये तो ऑलिंपिक ज्युदो विजेत्या विलेम रुस्काशी लढला. त्याच वर्षी 26 जूनला तो मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. उभा म्हणण्यापेक्षा आडवा, कारण पंधरा फेऱ्यांतला बराचसा वेळ पाठीवर पडून तो अलीच्या पायांवर लाथा मारत होता. कुस्ती बरोबरीत सुटली आणि जगभर टिंगल झाली. डिसेंबरात तो कराचीत गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम याच्याशी लढला. त्या लढतीत अक्रमचा हात निकामी झाला आणि कुस्ती थांबवावी लागली. इनोकीच्या चाहत्याला या सगळ्यातून एकच गोष्ट मिळत होती: आमचा माणूस खरा लढवय्या आहे.

शुक्रवारी रात्री आठला टीव्हीवर इनोकी आणि शनिवारी रात्री आठला बाबा, अशी त्या काळातली वाटणी होती. 26 ऑगस्ट 1979 रोजी ‘तोक्यो स्पोर्ट्स’ या दैनिकाने बुदोकान सभागृहात दोघांना पुन्हा एका जोडीत उतरवलं. समोर होते अब्दुल्ला द बुचर आणि पंजाबात जन्मलेला, कॅनडात स्थायिक झालेला टायगर जीत सिंग. हा टायगर जीत सिंग म्हणजे फेटा आणि तलवार घेऊन येणारा इनोकीचा कट्टर वैरी. बाबा-इनोकी जिंकले. मग इनोकीने माइक घेतला आणि पुढच्या वेळी आपण दोघंच एकमेकांशी लढू, असं बाबाला सांगितलं. ती कुस्ती कधीच झाली नाही. मला वाटतं ते बरंच झालं. ती झाली असती तर दोनपैकी एक वचन सर्वांदेखत खोटं ठरलं असतं आणि त्याच्या चाहत्यांना जायला जागा उरली नसती.

1981 मध्ये पळवापळवी सुरू झाली. बाबाकडचा बुचर इनोकीकडे गेला. बाबाने आधी टायगर जीत सिंग आणला आणि डिसेंबरात इनोकीचा सगळ्यात मोठा परदेशी मल्ल स्टॅन हॅन्सन उचलला. परक्या मल्लाने घर बदललं तर चाहत्यांनी त्याला गद्दार म्हटलं नाही. हॅन्सन तर पुढे निवृत्तीपर्यंत ऑल जपानचाच होऊन राहिला. जामीन राहण्याची अपेक्षा घरच्या मल्लाकडून असते. परदेशी मल्ल येतो तो वचनाची परीक्षा घ्यायला, आणि परीक्षा कुठल्याही घरात घेता येते.

घरचाच माणूस चुकला तर काय होतं, ते 27 डिसेंबर 1987 ला र्योगोकूच्या कोकुगिकानमध्ये दिसलं. रिकी चोशू त्या वर्षी बाबाकडून न्यू जपानमध्ये परतला होता. इनोकी विरुद्ध चोशू पाहण्यासाठी लोकांनी तिकिटं काढली होती. ऐन वेळी विनोदवीर बीट ताकेशी आपला जथा घेऊन रिंगणापाशी आला. चित्रपट दिग्दर्शक म्हणून पुढे जगाला माहीत झालेला ताकेशी कितानो तो हाच. त्याने बिग व्हॅन व्हेडर नावाचा मुखवटाधारी राक्षस पुढे केला आणि इनोकीने याच्याशी लढावं, असं आव्हान दिलं. इनोकीने ते स्वीकारलं. कार्यक्रम जागच्या जागी बदलला. चोशूला दुसऱ्याच जोडीच्या कुस्तीत ढकललं, तेव्हापासूनच रिंगणात कचरा येऊन पडू लागला. प्रेक्षक बिथरलेले पाहून मग इनोकी-चोशू कुस्तीही घाईघाईत उरकली गेली. त्यानंतर व्हेडरने इनोकीला तीन मिनिटांच्या आत चीत केलं. लोकांनी आसनांची मोडतोड केली. इनोकीने माइकवरून बोलून समजूत घालायचा प्रयत्न केला, तर राग आणखी भडकला. कोकुगिकानने पुढे वर्षभराहून अधिक काळ न्यू जपानला दार उघडलं नाही.

चिडलेले ते लोक इनोकीचे वैरी नव्हते. पंधरा वर्षं ‘आमची कुस्ती खरी’ म्हणत वाद घालणारे ते त्याचेच लोक होते आणि त्याच नावाखाली त्यांना टीव्हीवरचा विनोदी तमाशा दाखवला गेला. मला हा जपानी कुस्तीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. चाहत्यांनी त्या रात्री आपल्या दैवतापेक्षा त्याच्या वचनाची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी, न्यू जपानने काढून टाकलेल्या अकिरा माएदाने अधिक कठोर, अधिक खरी भासणारी कुस्ती घेऊन यूडब्ल्यूएफ ही कंपनी पुन्हा उभी केली, आणि तिची तिकिटं काही मिनिटांत संपली.

बाबाने प्रेक्षकांचं ऐकायचं ठरवलं. रिंगणाबाहेर दहापर्यंत मोजून किंवा नियमभंगामुळे सुटणाऱ्या अर्धवट कुस्त्या त्याने मोठ्या लढतींतून काढून टाकल्या. यापुढे निकाल रिंगणातच आणि स्वच्छ. 1990 च्या वसंतात गेनिचिरो तेनर्यू हा त्याचा मोठा मोहरा, चष्म्यांच्या व्यापारातल्या एका श्रीमंत कंपनीने काढलेल्या नव्या संघटनेत गेला. ऑल जपान बुडणार असं बोललं जाऊ लागलं. मे महिन्यात ऑल जपानच्याच मित्सुहारू मिसावाने इतकी वर्षं घातलेला टायगर मास्कचा मुखवटा भर कुस्तीत उतरवून फेकला. 8 जूनला बुदोकानमध्ये त्याच्यासमोर कंपनीचा सर्वश्रेष्ठ मल्ल जंबो त्सुरुता होता. त्या दिवशी मिसावाच्या नावाचा गजर ऐकून बाबाने ठरलेला निकाल बदलला, असं सांगितलं जातं. मिसावा जिंकला. पुढची कित्येक वर्षं बुदोकान खच्चून भरत राहिलं.

दोन वचनांची समोरासमोर टक्कर 9 ऑक्टोबर 1995 ला तोक्यो डोममध्ये झाली, पण ती न्यू जपान आणि माएदाच्या परंपरेतून निघालेली यूडब्ल्यूएफआय यांच्यात. जाहीर उपस्थिती 67,000. यूडब्ल्यूएफआयचा स्टार नोबुहिको ताकादा याच्या चाहत्यांची श्रद्धा होती की आपल्याकडे खरे पेच असतात आणि इतरत्र नाटक. न्यू जपानच्या केइजी मुतोने त्याला हरवलं ते पायांच्या ‘फिगर फोर’ने, म्हणजे जुन्या व्यावसायिक कुस्तीतल्या सगळ्यात ओळखीच्या डावाने. ताकादा नुसता हरला असता तर त्याच्या लोकांनी ते पचवलं असतं. ज्या कुस्तीला ते खोटी म्हणत होते, तिच्याच डावापुढे त्याने हार मानली, हे मात्र त्यांना पचलं नाही. यूडब्ल्यूएफआय पुढच्या वर्षाअखेरीस बंद पडली.

बाबा जानेवारी 1999 मध्ये गेला. कंपनीची मालकी त्याच्या पत्नीकडे आणि अध्यक्षपद मिसावाकडे, आणि दोघांचं पटेना. 2000 च्या उन्हाळ्यात मिसावा बाहेर पडला, तेव्हा तोशिआकी कावादा आणि मासानोबू फुची सोडून झाडून सगळे जपानी मल्ल त्याच्यामागे गेले. टीव्ही वाहिनीही गेली. नव्या कंपनीचं नाव ‘नोआ’, प्रलयात तरलेल्या नौकेवरून ठेवलेलं. चाहतेही मोठ्या संख्येने तिकडे गेले, कारण स्वच्छ निकालाची बाबाची कुस्ती आता मिसावाच्या हाती होती. ऑल जपानकडे पाटी उरली आणि दोन माणसं.

त्या दोघांतला फुची ऑगस्टमध्ये एकटाच, सूट घालून, न्यू जपानच्या रिंगणात चढला आणि त्याने लढतीचं आव्हान दिलं. जागा तीच, र्योगोकूचं कोकुगिकान. ज्या प्रेक्षकांनी अठ्ठावीस वर्षं ऑल जपानला हिणवलं होतं, त्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. 9 ऑक्टोबर 2000 ला तोक्यो डोममध्ये कावादाने न्यू जपानचा विजेता केन्सुके सासाकी याला हरवलं. अजिंक्यपदाचा पट्टा पणाला लागलेला नव्हता, तो परत मागण्याचा कुणाला अधिकार नव्हता. सासाकीने तो आपणहून सोडला, कारण बाबाच्या घरच्या माणसाकडून हरलेला विजेता न्यू जपानच्या लोकांसमोर तो पट्टा कमरेला बांधून उभा राहू शकत नव्हता.

पुढच्या आठवड्यात मेक्सिको. तिथे 1992 मध्ये एका जुन्या कंपनीतून दुसरी फुटून निघाली, आणि मुखवट्यामागचा चेहरा न पाहताही लोक पिढ्यान्‌पिढ्या एका मल्लाचे कसे राहतात, ते पाहू.