न झालेल्या लढतीचा निकाल!

मधल्या सुट्टीत डबे उघडले की एक वाद हमखास रंगतो. गावसकर भारी की तेंडुलकर? घंटा होते, डबे बंद होतात, पण निकाल काही लागत नाही! हेवीवेट मुष्टियुद्धाच्या शौकिनांमध्येही असाच वाद चालतो. फक्त त्यांचा प्रश्न जरा जास्त रोखठोक असतो. वेगवेगळ्या काळातले दोन जगज्जेते ऐन भरात असताना समोरासमोर आले, तर आडवा कोण होईल?

दोस्तांनो, अमेरिकेत एकदा हा वाद चक्क कॉम्प्युटरपुढे नेण्यात आला. त्याची ही मजेशीर आणि थोडी चटका लावणारी हकिकत.

साल १९६७. मायामीच्या मरे वोरोनर या रेडिओ-निर्मात्याने जुन्या-नव्या १६ हेवीवेट बॉक्सर्सची एक काल्पनिक स्पर्धा भरवली. त्यातले काही तर केव्हाच देवाघरी गेले होते! प्रत्येकाचा वेग किती, ठोशात ताकद किती, बचाव कसा, मार किती सोसेल, याबद्दल त्याने जाणकारांची मतं मागवली. ती आकड्यांत बसवून ‘एनसीआर ३१५’ या कॉम्प्युटरला पुरवली. कॉम्प्युटरने निकाल द्यायचा आणि निवेदकाने खरी लढत चालू असल्यासारखं तिचं वर्णन रेडिओवर करायचं, असा सगळा थाट. रॉकी मार्सियानो अजिंक्य ठरला. महंमद अली मात्र जिम जेफ्रीजकडून हरला. हा जेफ्रीज जगज्जेता होता १८९९ ते १९०५ या काळात!

अली भडकला. भडकेल नाही तर काय? तोवर तो २९ लढती खेळला होता आणि सगळ्या जिंकला होता. पण व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने १९६७ मध्ये ठाम नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं, खेळायचा परवानाही गेला. खऱ्या रिंगचे दरवाजे बंद आणि खोट्या रिंगमध्ये पराभव! बिचारा उत्तर देणार कुठे? त्याने वोरोनरवर बदनामीबद्दल १० लाख डॉलर्सचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली आणि अलीने मार्सियानोबरोबर एका फिल्ममध्ये ‘लढायचं’ कबूल केलं.

मार्सियानो म्हणजे काय चीज होती! ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. एकही पराभव न पत्करता तो १९५६ मध्ये निवृत्त झाला. १९६९ मध्ये मात्र तो ४५ वर्षांचा होता. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले. पठ्ठ्याने वीस किलोहून जास्त वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला आणि मायामीच्या स्टुडिओत उभा राहिला. एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्यांचं शूटिंग झालं. शेवटही वेगवेगळे चित्रित केले. कॉम्प्युटर कुणाला जिंकवणार, हे दोघांपासूनही गुप्त ठेवलं होतं.

मार्सियानोला ते कधीच कळलं नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात तो गेला. दुसऱ्याच दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता.

२० जानेवारी १९७० रोजी ही फिल्म शेकडो थिएटरांमध्ये एकाच वेळी झळकली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं, की तेराव्या फेरीत अली नॉकआउट! अलीने टोमणा मारला, की हा कॉम्प्युटर अलाबामात बनला असणार. अलाबामा हे काळ्या लोकांवरच्या अन्यायासाठी बदनाम झालेलं राज्य. टोमणा झोंबणारा होता, पण त्यात तथ्य होतं. कॉम्प्युटरला स्वतःचं मत नसतं. माणसं त्याला जे पुरवतात, तेच तो परत देतो. आणि गंमत पाहा, युरोपात दाखवलेल्या एका प्रतीत अलीच जिंकला होता!

मग खऱ्या रिंगमध्ये दोन काळ कधी भेटतच नाहीत का? भेटतात, पण बरोबरीने नाही. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मार्सियानो खरोखरच जो लुईशी लढला. लुई म्हणजे जगज्जेतेपद २५ वेळा राखलेला महान खेळाडू आणि मार्सियानोचं दैवत. पण लुई होता ३७ वर्षांचा, मार्सियानो २८ चा. आठव्या फेरीत लुई कोसळला. त्या रात्री जिंकलेला मार्सियानोच रडला, असं सांगतात.

आता अलीकडे वळू. त्याच्या एकूण लढती झाल्या ६१. म्हणजे कॉम्प्युटरजवळ त्याची निम्मी कारकीर्दसुद्धा नव्हती! १९७० मध्ये अली रिंगमध्ये परतला, तेव्हा पायांतला पूर्वीचा वेग कमी झाला होता. पण ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासात त्याने वेगळीच करामत दाखवली. समोर २५ वर्षांचा, कधीही न हरलेला, राक्षसी ताकदीचा जॉर्ज फोरमन. ३२ वर्षांचा अली दोरांना टेकून त्याचे ठोसे झेलत राहिला. फोरमन मारून मारून दमला आणि आठव्या फेरीत अलीनेच त्याला लोळवलं. अली एवढा मार सोसू शकतो, हे १९६७ मध्ये कुणाला ठाऊक होतं? मग तो आकडा कॉम्प्युटरला देणार तरी कोण?

तेव्हा दोस्तांनो, वाद जरूर घाला. आईबाबांनाही त्यात ओढा. फक्त सुरुवातीलाच एक ठरवून घ्या. मार्सियानोसमोर अली उभा करायचा तो कुठला? १९६७ चा की १९७४ चा?