अकरावी विज्ञान: गणित सोडावे की ठेवावे?

दहावीचा निकाल हाती येतो, पेढे वाटून होतात आणि मग घराघरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: अकरावीला कोणते विषय घ्यायचे? विज्ञान शाखा घ्यायची हे बहुधा आधीच ठरलेले असते. मात्र त्या शाखेत कोणते विषय ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याचा निर्णय पुष्कळदा शेजारच्या मुलाने काय केले यावरून किंवा एखाद्या शिकवणी वर्गाच्या जाहिरातीवरून होतो.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडे, मुंबई-हावडा लोहमार्गावर असलेल्या आमगावसारख्या तालुक्याच्या गावी हा निर्णय शहरातल्यापेक्षा अधिक जपून घ्यावा लागतो. नागपुरात एका महाविद्यालयात एखादा विषय मिळाला नाही, तर दोन चौकांपलीकडे दुसरे महाविद्यालय असते. येथे मात्र सुमारे २५ किलोमीटरवरच्या गोंदियाला रोज रेल्वेने जाणे किंवा दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात खोली घेऊन राहणे एवढेच पर्याय उरतात. धानाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबाला विषयांची चुकलेली निवड आणि त्यापायी गेलेले एक वर्ष म्हणजे एका हंगामाची कमाई गमावण्यासारखेच असते.

प्रथम रचना समजून घेऊ. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा ६०० गुणांची असते. इंग्रजी सक्तीचे. दुसरी भाषा मराठी, हिंदी, संस्कृत किंवा महाविद्यालयात उपलब्ध असेल ती. उरलेले चार विषय बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे घेतात. जुनी मंडळी आजही ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’ असे शब्द वापरतात. ते इंटर सायन्सच्या काळापासून चालत आले आहेत. ‘ए’ म्हणजे गणितवाले आणि ‘बी’ म्हणजे जीवशास्त्रवाले. आजच्या भाषेत पीसीएम आणि पीसीबी. चारही विषय घेणारा तो पीसीएमबी.

येथे एक गोष्ट अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. गणित सोडले म्हणून एक विषय कमी होत नाही. सहा विषय पूर्ण करावेच लागतात, म्हणून गणिताच्या जागी भूगोलासारखा दुसरा विषय घ्यावा लागतो. ओझे उतरले असे वाटते, प्रत्यक्षात ते या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. नवा विषय सोपा असेल, त्यात गुणही बरे मिळतील, परंतु त्याच्या बदल्यात आपण कोणती दारे लावून घेत आहोत हे पाहिले पाहिजे.

अभियांत्रिकीच्या पदवीला महाराष्ट्रात भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र असू शकतो, त्याऐवजी जीवशास्त्र किंवा एखादा तांत्रिक व्यावसायिक विषयही चालतो. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी या शाखांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे, आणि त्यांचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेवरून होतो. बी.एस्सी. नर्सिंगलाही हेच तीन विषय आणि इंग्रजी लागते. औषधनिर्माणशास्त्राला भौतिक आणि रसायन अनिवार्य असून त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. कृषी पदवीला राज्याच्या सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी, कोणताही गट चालतो. हवाई दल किंवा नौदलात अधिकारी होण्यासाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा मार्ग धरणाऱ्याला भौतिक, रसायन आणि गणित हवेच.

या यादीकडे नीट पाहिले, तर भौतिकशास्त्र सर्वत्र उभे आहे आणि रसायनशास्त्र जवळपास सर्वत्र. म्हणून ते दोन विषय सोडण्याचा प्रश्न येत नाही. खरा वाद गणित आणि जीवशास्त्र यांच्यातच आहे.

दोहोंपैकी जीवशास्त्र सोडणे त्या मानाने कमी धोक्याचे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, की बारावीला जीवशास्त्र नसलेला विद्यार्थी तो विषय नंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झाला, तरी ‘नीट’साठी पात्र ठरतो. दार पुन्हा उघडता येते. अर्थात त्यासाठी बहुधा एक वर्ष खर्ची पडते. गणिताचे तसे नाही. नियमाने ते नंतर घेता आले, तरी दोन वर्षे सराव तुटलेल्या मुलाला घरी बसून कलनशास्त्र शिकणे किती जमेल, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

“आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तिला गणित कशाला?” हा प्रश्न धर्मग्रामातील पालक नेहमी विचारतात. ‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची. त्यातील १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. गणिताचा स्वतंत्र प्रश्न एकही नाही, हे खरे. परंतु बालभारतीचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडून पाहावे. त्यातील दुसरे प्रकरणच गणिती पद्धतींवर आहे: सदिश राशी आणि कलनशास्त्राची ओळख. पुढे रसायनशास्त्रात आम्लतेचे मापन किंवा अभिक्रियेचा वेग येतो तेव्हा लॉगॅरिथमवाचून पान उलटत नाही. ज्या मुलाने गणित सोडले आहे त्याला हेच गणित भौतिकशास्त्राच्या तासाला घाईघाईने शिकावे लागते. जीवशास्त्रात उत्तम तयारी असलेली मुले भौतिकशास्त्राच्या त्या ४५ प्रश्नांत मागे पडतात, त्याचे मूळ अनेकदा येथे असते.

ज्या शास्त्राचा पाया एका मठात घातला गेला, त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. बारावीच्या जीवशास्त्रात ग्रेगोर मेंडेल भेटतात. ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू, ब्रुन येथील मठात राहणारे. १८५० साली शिक्षकपदाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षी मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले आणि १८५१ ते १८५३ या काळात ते तेथे भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. भौतिकशास्त्रातील ‘डॉप्लर परिणाम’ ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते क्रिस्टियन डॉप्लर त्यांच्या शिक्षकांपैकी एक. परत आल्यावर मेंडेल यांनी वाटाण्यांवर प्रयोग केले. वाटाण्यांचे संकर त्यांच्या आधीही लोकांनी केले होते. मेंडेल यांनी दाणे मोजले. एका प्रयोगात दुसऱ्या पिढीचे ७३२४ दाणे मिळाले, त्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. हे प्रमाण जवळपास तीनास एक आहे हे पाहून त्यांनी आनुवंशिकतेचा नियम मांडला. १८६६ साली त्यांचा प्रबंध छापला गेला, पण १९०० सालापर्यंत त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. जीवशास्त्रज्ञाने गुणोत्तरे मांडावीत ही कल्पनाच त्या काळी विचित्र वाटत होती. आज तीच जीवशास्त्राची रोजची भाषा झाली आहे.

फार दूर जायला नको. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो प्रामुख्याने आपल्या गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी. त्याची दरवर्षी गणना होते. पक्षी ओळखणे हे जीवशास्त्र. पण संख्या खरोखर घटली की त्या दिवशी काही पक्षी नजरेस पडले नाहीत, हे ठरवणे संख्याशास्त्राचे काम आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वाघांच्या मोजणीचेही तेच. धानाच्या नव्या वाणाची चाचणीसुद्धा अनेक वाफ्यांतील उतारा मोजून आणि तुलना करूनच होते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी जेमतेम प्राथमिक शाळा पाहिली होती. तरी शेतात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या निवडून, वर्षामागून वर्षे तेच बियाणे वेगळे पेरून आणि ताडून त्यांनी ‘एचएमटी’ हे धानाचे वाण सिद्ध केले. निरीक्षण आणि तुलना ही त्यांची प्रयोगशाळा होती. पदवी नसल्यामुळे त्या कामाची दखल घेतली जायला मात्र फार उशीर झाला.

रसायनशास्त्राकडेही आपल्याकडे थोडे दुर्लक्ष होते. ते जणू भौतिक आणि जीवशास्त्राच्या मधले प्रवासी, असे मुले समजतात. कमला सोहोनी यांचे उदाहरण पाहावे. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या जीवरसायनशास्त्रज्ञ झाल्या. सजीवांच्या अभ्यासाकडे त्या रसायनाच्या दारातून आल्या.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या विद्यार्थ्याला संशोधनाची ओढ आहे आणि दहावीच्या बीजगणित-भूमितीत ज्याची दमछाक झालेली नाही, त्याने चारही विषय ठेवावेत. पुण्यासह देशातील आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, हे काही उगाच नव्हे. राज्याच्या सीईटीलाही असा विद्यार्थी पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांच्या परीक्षा देऊ शकतो. मात्र गणिताच्या नावानेच ज्याला धडकी भरते आणि जो नर्सिंग किंवा औषधनिर्माण मनापासून निवडतो आहे, त्याच्यावर चार विषयांची सक्ती करणे हा पालकांच्या हौसेचा भाग होय. सेमिनरीत आम्हाला तर्कशास्त्र सक्तीचे होते, आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. पण सोळा वर्षांच्या मुलाला तो नियम लावता येत नाही.

एकूण टक्केवारीपेक्षा दहावीच्या गणिताचे आणि विज्ञानाचे सुटे गुण पाहावेत. भाषा व समाजशास्त्रांनी वर उचललेले ८५ टक्के आणि गणित-विज्ञानाच्या बळावर मिळालेले ८० टक्के यांत विज्ञान शाखेसाठी दुसरे अधिक भरवशाचे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आणखी एक पायरी असते. अकरावी-बारावीचे विज्ञान राज्यात इंग्रजीतून शिकवले जाते. कालपर्यंत जे ‘प्रकाशसंश्लेषण’ होते ते एका सुट्टीत ‘फोटोसिंथेसिस’ होते. पहिल्या सहामाहीत गुण घसरले म्हणून मूल मठ्ठ आहे असे कोणी समजू नये. ‘नीट’ आणि ‘जेईई मेन’ या परीक्षा मराठीतूनही देता येतात, पण भाषांतराविषयी शंका उद्भवल्यास इंग्रजी प्रश्नच प्रमाण मानला जातो. म्हणून मे-जूनच्या सुट्टीत दोन्ही भाषांतील संज्ञांची वही तयार करणे हे कोणत्याही पायाभूत वर्गापेक्षा स्वस्त आणि उपयोगी काम आहे.

खर्चाची चिंता असलेल्या घरांना सांगायचे, की प्रत्येक वाट नागपूर-लातूरवरूनच जाते असे नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीचीच आवड असेल, तर दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्या मुलाला अकरावीच्या विषयांचा गुंता सोडवावाच लागत नाही. शिवाय वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना २०२४-२५ पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. मुलीच्या शिक्षणाला पैसा नाही असे म्हणण्यापूर्वी हा शासननिर्णय वाचावा.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. २०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाला आहे. पूर्वी तो काही मोठ्या शहरांपुरताच होता. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. विषयांची प्रत्यक्ष निवड मात्र बहुधा प्रवेश निश्चित करताना, महाविद्यालयाच्या खिडकीशी, पाच मिनिटांत उरकली जाते. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एकदा त्या महाविद्यालयात जाऊन यावे. चारही विषयांचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे विचारावे. प्रयोगशाळेचे कुलूप किती वेळा उघडते, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारावे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. आणि “हजेरी आम्ही पाहून घेऊ, तुम्ही शिकवणीला जा” असे कोणी सांगितले, तर त्या महाविद्यालयाचे नाव पसंतीक्रमातून काढून टाकावे.